बालसंगोपनास शासनाचे साहाय्य आणि ग्रामशिक्षक



शाळा तपासावयास गेलो म्हणजे मी प्रथम हजेरीपट मागतो. फळ्यावरील सुविचार, भिंतीवरील तक्ते, दप्तराची मांडणी ही सारी पाहुण्यांसाठी एका रात्रीत नीटनेटकी करता येतात. हजेरीपट मात्र वर्षभर रोज थोडाथोडा लिहिला जातो आणि म्हणूनच तो खोटे बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका दोनशिक्षकी शाळेत चौथीच्या पटावर एका मुलीच्या नावापुढे मला मोठी चमत्कारिक रचना दिसली. कापूस वेचणीच्या दीड-दोन महिन्यांत ती मुलगी फक्त सात दिवस हजर होती आणि त्यांपैकी सहा दिवस त्या गावच्या आठवडी बाजाराचे होते. गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, साहेब, पण घरचे पाठवीत नाहीत." मी नेहमीप्रमाणे शेरा लिहिला, "पालकांशी संपर्क साधावा," आणि निघालो.

परतीच्या वाटेवर एका शेताच्या बांधाला बाभळीच्या झाडाखाली झोळी बांधलेली दिसली. झोळीची दोरी ओढीत तीच मुलगी बसली होती. झोळीत वर्षाच्या आतले भावंड होते. आई पलीकडे कपाशीच्या सऱ्यांतून बोंडे वेचीत होती. मी मुलीला बाजाराच्या दिवसाचे विचारले. तिने अगदी सहज उत्तर दिले, "त्या दिवशी आई घरी असते."

माझा शेरा अस्थानी पडला होता हे मला तेथे उमगले. पालक मुलीला पाठवीत नव्हते हे खरे. परंतु ते अज्ञानामुळे नव्हे, शिक्षणाविषयी अनास्था म्हणूनही नव्हे. त्या घराला एक खर्च होता, तो भागविण्यास पैसा नव्हता, आणि तो खर्च मुलीच्या शाळेतून वळता केला जात होता.

ह्या खर्चाचा हिशेब आपण एकदा नीट मांडून पाहू. समजा, एका बाईस दिवसाकाठी ३०० रुपये मजुरी मिळते. घरात वर्षाचे तान्हे मूल आहे, सासू नाही किंवा तीही मजुरीस जाते. आता त्या बाईपुढे तीन मार्ग उरतात. ती स्वतः घरी राहिली, तर महिन्यातील २५ दिवसांच्या कामाचे ७,५०० रुपये बुडाले. शेजारच्या म्हातारीकडे मूल ठेवून तिला रोज ५० रुपये दिले, तर १,२५० रुपये गेले. शिवाय अशी म्हातारी मिळाली पाहिजे. तिसरा मार्ग म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या मुलीस बाळाजवळ बसविणे. ह्याला एक पैसाही लागत नाही. म्हणून तो पत्करला जातो. परंतु फुकट असे काही नसते. ह्या तिसऱ्या मार्गाचे मोल आपल्या हजेरीपटाच्या रिकाम्या रकान्यांत रोज जमा होत असते. सातवी-आठवीस गणित शिकविणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात घालून पाहावे. मुले आपापल्या गावच्या मजुरीचे आकडे स्वतःच सांगतील आणि कित्येक मुली उत्तराच्या आधीच गप्प होतील.

हा प्रश्न नवीन नाही आणि महाराष्ट्रात त्यावर झालेला विचारही नवीन नाही. ताराबाई मोडक यांचे नाव आपण सर्वांनी अध्यापक विद्यालयात घोकलेले असते. त्यांनी काय केले हे मात्र परीक्षेबरोबर विसरले जाते. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) तेथे त्यांनी ग्रामबाल शिक्षा केंद्र काढले. बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर चालू असलेला 'अंगणवाडी' हा शब्द ह्या अंगणातला आहे. पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. कोसबाडला वारली मुलांच्या बाबतीत त्यांना तेच आढळले, जे मला त्या बाभळीखाली आढळले: शाळेच्या वयाची मुले एक तर गुरांमागे होती किंवा भावंडांमागे. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंडांमागे असणाऱ्यांसाठी 'विकासवाडी' निघाली. म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका आवारात. थोरली बहीण धाकट्यास कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधल्यास बालवाडीत सोडी आणि आपण वर्गात जाऊन बसे. किती साधी युक्ती! शिक्षणशास्त्रातील मोठमोठ्या ग्रंथांत मला ह्याहून शहाणी गोष्ट क्वचितच सापडली आहे.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. आपल्या राज्यात मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी ही तिची पहिली ठिकाणे. योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, पूरक आहार घेतला, लसीकरण व आरोग्य तपासणी जोडली. हा लाभ लहानसहान नव्हे. परंतु विकासवाडीतील एक दालन मागे राहिले, ते पाळणाघराचे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी आहार घरी दिला जातो, मूल मात्र घरीच राहते. शिवाय अंगणवाडी दिवसातील काही तासच चालते. आईची मजुरी सकाळी सुरू होऊन दिवस मावळताना सुटते. ह्या दोन घड्याळांतील अंतर कोणी भरून काढावयाचे? ते थोरली भरून काढते.

अंगणवाडी सेविकांना दोष देण्याचा माझा हेतू येथे यत्किंचितही नाही. आहार, नोंदवह्या, मोबाइलमधील माहिती, गृहभेटी, सर्वेक्षण हे सारे सांभाळून त्या मुलांना गाणी शिकवितात, हे आपण शेजारच्या खोलीत बसून रोज ऐकतो.

कायद्याने पाळणाघराचा विचार कारखान्यांपासून सुरू केला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रीकामगार असलेल्या कारखान्यावर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. १९७६ मध्ये ही संख्या तिसावर आणण्यात आली. बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली व ते काम पुढे मुंबई-पुण्यापर्यंत आले. पण ज्या कामावर आपल्या गावची बाई जाते त्याला ना दरवाजा, ना हजेरीचा भोंगा, ना मालकाची पाटी. शेताच्या बांधाला कारखाने कायदा कधी पोहोचला नाही.

त्यातल्या त्यात बांधाच्या जवळ जाणारी तरतूद रोजगार हमीने केली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्रिया खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर हजारोंनी गेल्या, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्या काळात गावोगाव पोहोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात असे कलम आले की, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्या स्त्रियांपैकीच एकीस मुले सांभाळण्याच्या कामावर नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. ह्या कलमाचे महत्त्व मला फार वाटते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि खड्डा खणण्याइतक्याच मोलाचे काम आहे, हे त्यात सरकारी भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले. प्रत्यक्षात सावलीचे छप्पर आणि मुले सांभाळणारी बाई किती कामांवर दिसली, हे आपणांस ठाऊक आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ह्याच सूत्रावर चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, उघडण्याचे ठरविले. सीमेवरील आपले काही शिक्षकमित्र त्यांची हकिगत पाहून आले तर ती ह्या पुस्तिकेत अवश्य द्यावी.

पाळणाघराची स्वतंत्र योजनाही केंद्र शासनाने पूर्वीपासून चालविली. २००६ पासून ती राजीव गांधी यांच्या नावे होती, २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' ह्या नावाने ती अंगणवाडीस जोडण्यात आली आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले दिवसभर राहू शकतील अशी १७,००० अंगणवाडी-पाळणाघरे देशभर व्हावीत असा तिचा संकल्प आहे. सतरा हजार हा आकडा कानास मोठा वाटतो. देशातील अंगणवाड्या तेरा लाखांहून अधिक आहेत हे लक्षात घेतले म्हणजे तो केवढा ते कळते.

आता रोख साहाय्याकडे वळू. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न बहुधा पैशाने सोडवितात. इंग्लंडात कमी उत्पन्नाच्या नोकरदार आईबापांनी पाळणाघरास दिलेल्या शुल्कापैकी ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ठरावीक मर्यादेत, शासन परत करते. तेथे पाळणाघर असते, शुल्क असते, पावती असते. म्हणून परतावा शक्य होतो. आपल्या गावी ह्या तिन्हींपैकी काहीच नसते. बाळंतपणात बुडणाऱ्या मजुरीच्या भरपाईसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यास ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. तो बाळाच्या पहिल्या महिन्यांपुरता आधार झाला.

ग्रामशिक्षकाने ज्या योजनेची माहिती पाठ ठेवावी अशी योजना निराळीच आहे, आणि ह्या लेखाचा खरा विषय तीच आहे. आपल्या राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आता 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' ह्या नावाने ओळखली जाते. ज्या बालकाचे आईवडील नाहीत, किंवा दोहोंपैकी एकच आहे, किंवा आईवडील दुर्धर आजाराने, तुरुंगवासाने अथवा अशाच मोठ्या आपत्तीने त्याचा सांभाळ करू शकत नाहीत, त्याला संस्थेत न पाठविता घरातच वाढता यावे म्हणून वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत दरमहा अनुदान देण्याची ही योजना आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी अनुदान दरमहा ४२५ रुपये होते. ते पुढे १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आले. अशाच स्वरूपाचे, दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व केंद्राच्या मिशन वात्सल्यातूनही मिळू शकते; त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांहून अधिक नसावे अशी अट आहे.

ह्या योजनेविषयी एक गैरसमज आपल्या शिक्षकांतही पक्का रुजलेला मी पाहिला आहे. तो असा की, ही योजना अनाथांची आहे. ज्याची आई जिवंत आहे ते मूल अनाथ नव्हे, म्हणून ते अपात्र. हे अगदी चुकीचे आहे. वडील वारलेले आणि आई मोलमजुरी करून मुलांना पोसणारी, असे मूल ह्या योजनेच्या कक्षेत येते. नवऱ्याने टाकलेल्या व घटस्फोटित बाईचे मूलही येते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आणि २०२० व २०२१ च्या महामारीने आपल्या मराठवाड्यात अशी घरे किती झाली, हे सांगावयास नको. प्रत्येक गावी ती आहेत, आणि ती नेमकी कोणती हे गावात सर्वप्रथम कोणास कळते? शिक्षकास. मुलाच्या वडिलांचे निधन झाले की दहाव्या-बाराव्या दिवसानंतर ते मूल वर्गात येते, त्या दिवशीच आपल्याला सारे कळलेले असते.

येथे माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी एका शाळेचा मुख्याध्यापक असताना एक विधवा बाई मुलाचा शाळेचा दाखला, म्हणजे बोनाफाइड, मागावयास आली. त्या दिवशी केंद्रप्रमुखांना माहिती पाठवावयाची होती, मी म्हणालो, "उद्या या." उद्या ती आली तेव्हा शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली तालुक्याला गेलेल्या सहशिक्षकाकडे. तिसऱ्या दिवशी मीच प्रशिक्षणास गेलो होतो. चौथ्या खेपेस दाखला मिळाला. त्या वेळी तिची मजुरी दिवसाला १५० रुपये होती, हे मला फार नंतर समजले. तीन दिवस बुडाले म्हणजे ४५० रुपये झाले. ज्या अनुदानासाठी ती खेटे घालीत होती, त्याचा एक महिन्याचा हप्ता ४२५ रुपये. माझ्या एका कागदाने तिचा पहिला महिना खाल्ला आणि वर पंचवीस रुपये घेतले. मी वाईट माणूस नव्हतो. कामात होतो इतकेच.

तेव्हापासून मी शाळाभेटीत विचारतो की, दाखला मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ लागतो. ज्या शाळेत कोऱ्या दाखल्यांचे छापील नमुने आणि शिक्का वर्गातील टेबलाच्या खणात असतात, तेथे उत्तर "पाच मिनिटे" असे येते.

अर्जासोबत बालकाचा व पालकाचा आधार, मृत पालकाचा मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि छायाचित्रे लागतात. ह्यांत अडकण्याची जागा बहुधा मृत्यूचा दाखला हीच असते. मृत्यूची नोंद वेळेवर झाली नाही म्हणजे पुढील सारे कागद पडून राहतात. म्हणून सांत्वनास गेलेल्या शिक्षकाने, योग्य वेळ पाहून, घरातील वडीलधाऱ्यांना नोंद ग्रामपंचायतीत किंवा मृत्यू झाला त्या ठिकाणच्या कार्यालयात एकवीस दिवसांच्या आत करावयास सांगावे. दुःखाच्या घरी कागदाची गोष्ट काढणे जड जाते. तरी ती काढावी. दुसरी अडचण नावाची. आधारवर एक नाव, शाळेच्या पटावर दुसरे, पासबुकात तिसरे; 'सोनाली' आणि 'सोनल' ह्यांमधील फरकाने अर्ज परत येतो. पहिलीत नाव दाखल करताना आपण घाईने लिहिलेले एक अक्षर दहा वर्षांनी असे आडवे येते.

आणखी एक गोष्ट आपल्या औरंगपुऱ्याच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या ह्या आवारात महिला व बालकल्याण विभाग आहे. अंगणवाड्या त्याच्या कक्षेत येतात. बालसंगोपन योजनेचा अर्ज मात्र येथे द्यावयाचा नसून राज्य शासनाच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावयाचा असतो. त्याचा निर्णय गृहचौकशीनंतर बालकल्याण समिती देते. दोन कार्यालये, दोन्हींच्या नावांत 'महिला' आणि 'बाल'. सोयगावहून किंवा वैजापूरहून पहाटेच्या गाडीने निघालेली बाई कडेवर मूल आणि हातात कागदांची पिशवी घेऊन औरंगपुऱ्यात उतरते, एका दारातून दुसऱ्या दारात फिरते आणि दुपारी तिला कळते की हे ते कार्यालय नव्हे. ही धावाधाव वाचविण्यास शिक्षकाने तिच्या कागदावर कार्यालयाचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहून दिले तरी पुरे. अनुदान मंजूर झाले तरी ते दरमहा ठरल्या तारखेस पडेलच असे नाही, कित्येकदा काही महिन्यांचे एकदम येते. हेही तिला आधीच सांगावे, म्हणजे ती त्याच्या भरवशावर उसनवारी करणार नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयी थोडेसेच लिहितो, कारण हंगामी वसतिगृहांच्या सूचना आपणांस वेळोवेळी मिळत असतात. मुले गावी राहावीत म्हणून वसतिगृह असते; पण ते शाळेच्या वयाच्या मुलांचे. फडावर जाणारे तान्हे मूल आईबरोबर जाते, आणि त्याला सांभाळावयास थोरली मुलगीही जाते. त्यामुळे वसतिगृहात मुलगे राहतात आणि बहिणी कोपीत. पटावरील मुलीचे नाव हंगामी यादीत नसेल, तर तिच्या घरी दोन वर्षांखालील मूल आहे काय, हे प्रथम पाहावे. शिक्षण हमी पत्रक तिच्या हाती देऊनच तिला निरोप द्यावा.

मग शाळेने स्वतः काय करावे? माझे उत्तर काहींना रुचणार नाही. थोरल्या बहिणीस धाकट्याला घेऊन वर्गात येऊ द्यावे. मूल रडेल, फळ्याकडे रांगत जाईल, एखाद्याची पाटी पुसून टाकील. चालेल. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने हा वर्गातील गोंधळ समजू नये. मी तरी समजणार नाही. शाळेच्या आवारातच अंगणवाडी असेल तर सेविकेशी बोलून मधल्या भावंडाची वेळ आणि शाळेची वेळ शक्य तितकी जुळवून घ्यावी. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात सतरंजी आणि झोळीसाठी एक कडी, इतकी सोय लोकवर्गणीतून होऊ शकते. दिवसभर मुले सांभाळणाऱ्या एखाद्या वयस्क बाईच्या मानधनासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करता येते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते, आणि ती कशावर खर्चावी हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. कित्येक गावी ह्या रकमेतून दरवर्षी खुर्च्या घेतल्या जातात. शाळा व्यवस्थापन समितीतील मातांनी कापूस वेचणीपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडला, तर तो शिक्षकाने मांडण्यापेक्षा अधिक वजनदार ठरेल. आपण त्यांना ठरावाचा मसुदा तेवढा लिहून द्यावा.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने दोन याद्या आणाव्यात. पहिलीत आई किंवा वडील हयात नसलेली, अथवा एकट्या पालकाजवळ राहणारी सर्व मुले, आणि त्यांपैकी कोणाचा बालसंगोपनाचा अर्ज केला आहे, कोणाचा नाही व कोणता कागद अडला आहे, हे नमूद असावे. दुसरीत मागील कापूस वेचणीच्या काळात निम्म्याहून अधिक दिवस गैरहजर असलेल्या मुली आणि प्रत्येकीच्या घरातील सहा वर्षांखालील भावंडांचे वय लिहावे. हजेरीच्या टक्केवारीचा तक्ता ह्या खेपेस आणला नाही तरी चालेल. दुसरी यादी करताना गावच्या बाजाराचा वार हजेरीपटावर पेन्सिलीने खुणावून घ्यावा.